आगटीवरचं मागणं

कारभारीने बांधावर थांबून नातीच्या पँटला चिकटलेली कुसळं एकेक करून उपटून काढली. संस्कृती त्याच्या खांद्याला धरून एका पायावर उभी होती, दुसरा पाय तिने पुढे केला होता.

"आबा, नाहीत आता. चला ना."

"थांब. चार माणसांत जायचं तर नीट जावं."

दोन्ही बाजूंना ज्वारी पुरुषभर वाढलेली. मधून बैलगाडी जाईल एवढी वाट. पलीकडे चिंचेखाली धूर दिसत होता, आणि भाजल्या कणसांचा वास वाऱ्याबरोबर इथपर्यंत येत होता. कारभारीने काठी उचलली.

"ही वाट बघितलीस? वावर ह्यांचं, पण वाट शेजाऱ्याची. त्याला हिंडून यावं लागायचं. एकदा हुरडा भाजायच्या आगटीवर बसला आणि म्हणाला, मला तुमच्या वावरातनं वाट द्या. दिली."

"नुसती मागितली म्हणून?"

"आगटीवर मागितली म्हणून. ह्या घरात आगटीवर बसलेल्याला नाही म्हणत नाहीत. मी तवा ह्यांची विहीर बांधत होतो. डोळ्यांदेखत झालेली गोष्ट."

संस्कृतीने थोडा विचार केला. "मग मी सायकल मागू?"

कारभारी हसला. मग त्याचं हसू आपोआप ओसरलं आणि तो पुढे चालू लागला.

नगरहून शेवगावला येणाऱ्या एसटीत त्याने तिला सांगितलं होतं, की आपण तुझ्या पहिल्या पप्पांच्या शेतावर चाललोय. ती "हं" म्हणाली होती आणि खिडकीबाहेर बघत राहिली होती. दहा वर्षांच्या पोरीच्या मनात काय चाललंय, ते कारभारीला कळलं नाही. त्याने विचारलंही नाही. मनात त्याच्या दुसरंच घोळत होतं.

त्याची मुलगी अश्विनी नगरच्या एका दवाखान्यात नर्स. पहिलं लग्न सचिनशी, कारभारीनेच जमवलेलं. विहीर बांधता बांधता सोयरीक झाली होती. पण अश्विनीला नोकरी सोडवेना आणि सचिनला वावर. तो काही महिने नगरला राहून बघून आला, तिने गावाकडे राहून बघितलं, आणि पोर रांगत होती तेव्हाच दोघं कोर्टातून वेगळी झाली. भांडण म्हणावं असं मोठं काही नव्हतं, म्हणून मिटवायलाही काही नव्हतं. पुढे अश्विनीने महेंद्रशी लग्न केलं. महेंद्र एमआयडीसीत फिटर. संस्कृतीला शाळेत सोडणं, तापात रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवणं, सगळं त्याने केलं. धाकटा ओम झाला तरी त्यात फरक पडला नाही. पोर कायद्याने आपल्या नावावर घ्यावी अशी त्याची फार इच्छा. त्याला सचिनची संमती पाहिजे, असं कचेरीत सांगितलं होतं. ती नसेल तर वकील, तारखा, आणि शेवटी काय निकाल लागेल ते कुणी सांगावं. महेंद्र दर वर्षी दिवाळीनंतर मोटारसायकल काढून सचिनकडे जायचा आणि संध्याकाळी परत येऊन सांगायचा, "नाही म्हणाले."

यंदा ओमचं नाव शाळेत घातलं, त्या दिवशी संस्कृतीने विचारलं, "ओमच्या नावात पप्पा आहेत, माझ्या का नाहीत?" अश्विनी उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

कारभारीला जावई मऊ वाटायचा. चांगला, पण मऊ. मागायचं कसं, हे त्याला येत नाही. माणसाला नाही म्हणायला जागा लागते. दारात उभं राहून नाही म्हणता येतं, चहाच्या टपरीवर येतं, फोनवर तर फारच सोपं. आगटीवर येत नाही. हे महेंद्रला ठाऊक नव्हतं, कारभारीला होतं. त्याने घरी कुणाला काही सांगितलं नाही. पोरीला ओळखीच्या शेतावर हुरडा खायला नेतो, एवढंच म्हणाला.

चिंचेखाली पोतं अंथरून भामाबाई बसली होती. सचिनची आई. तिने डोळ्यांवर हात धरून आधी म्हाताऱ्याला बघितलं.

"अगं बया! इवाई? वाट चुकला का काय?"

"जय भीम, भामाबाई. वाट तुमचीच, चुकंल कशी?"

"जय भीम. आन् ही…" तिचं वाक्य तिथंच राहिलं. ती गुडघ्यावर हात देऊन उठली, पोरीसमोर येऊन उभी राहिली आणि तिने तिची हनुवटी धरली. "हनुवटीवर टाकं पडल्यालं त्ये हितंच व्हय?"

आगटीपाशी सचिन पाठमोरा बसला होता. त्याने मान वळवून बघितलं. उठला नाही. हातातल्या काडीने त्याने कणसं गोवऱ्यांच्या निखाऱ्यात आणखी खाली ढकलली. ती आधीच भाजून झाली होती.

"जय भीम, मामा," तो म्हणाला. लग्न मोडलं तरी मामा मोडलं नव्हतं.

"जाळलीस की रं कनसं!" भामाबाई ओरडली. "ध्यान कुठं हाय तुजं?"

"जाऊ दे की. दुसरी टाकतो."

भामाबाईने पोरीला मनगटाला धरलं. "चल, तुला माळ्यावर चढिवते. गोफन मारशील का? पाखरं लई झाल्यात बग."

"लागेल त्यांना?"

"न्हाई लागत. आवाजानंच पळत्यात. माज्या नवऱ्याला जलमात एक पाखरू लागलं न्हाई."

संस्कृती खुदकन हसली आणि तिच्याबरोबर गेली. थोड्या वेळाने ज्वारीतल्या उंच माळ्यावरून तिचा बारीक "हाऽऽ" ऐकू आला, आणि एकही पाखरू उडालं नाही.

भामाबाई परत येऊन बसली. सचिनने नवी कणसं काढली, एकेक हातात घेऊन चोळू लागला. फुंकर मारली की भुसकट उडायचं आणि हिरवे दाणे तळहातावर राहायचे. त्याने पहिली मूठ कारभारीच्या पुढ्यातल्या पाटीत टाकली, शेंगदाण्याची चटणी सरकवली. कारभारीने चार दाणे तोंडात टाकले. गोड होते.

"सचिन," तो म्हणाला, "आगटीवर बसून एक मागनं मागतो."

भामाबाईचा हात पाटीत होता तो तिथंच थांबला.

"इवाई, आगटीवर मागताय?"

"व्हय."

"इचार करून मागा."

"करूनच आलोय."

तिने सचिनकडे बघितलं. सचिन कणीस चोळत होता.

"मागा, मामा."

"पोरीला महेंद्रच्या नावावर जाऊ दे. नगरला येऊन तुजी संमती दे."

सचिनच्या हातातलं कणीस नुकतंच निखाऱ्यातून काढलेलं होतं. माणूस असं कणीस ह्या हातातून त्या हातात उडवत चोळतो. त्याने ते दोन्ही तळव्यांत घट्ट धरलं आणि चोळत राहिला. माळ्यावरून पुन्हा "हाऽऽ" आलं. ह्या वेळी चिमण्यांचा एक थवा उठला आणि दोन वाफे पलीकडे जाऊन बसला.

"कधी यायचं?" त्याने विचारलं.

एवढंच. कारभारीने मनात कितीतरी बोलणी जुळवून आणली होती: पोरीचं भलं, तुजं वय हाय अजून, तू दुसरा संसार कर. त्यातलं एकही बोलावं लागलं नाही. त्याला हलकं वाटलं, आणि आपल्या अकलेचं थोडं कौतुकही वाटलं.

"तारीख महेंद्र कळवंल."

"यंदा महेंद्रभाऊ आले न्हाईत."

"कंपनीत काम लई आहे. मी आलोय हे त्याला ठावं न्हाई."

"व्हय का," सचिन म्हणाला, आणि फुंकर न मारलेल्या दाण्यांकडे बघत राहिला.

संस्कृती पळत आली. धापा टाकत सांगू लागली की एक दगड मागेच गेला, पण तीन बरोबर गेले. सचिनने नवी मूठ चोळली, निवडून निवडून भुसकट काढलं आणि तिच्यासमोर धरली. मग शेजारच्या डब्यातून एका पानावर साखर काढली.

"गूळ न्हाई खात ना तू? ही घे."

तिने त्याच्याकडे बघितलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"हाय माहीत."

"अजून काय माहितीय?"

"पालीला भितीस."

"ते सगळेच भितात!"

"पळन्यात दुसरी आलीस. पहिली येनारी पोरगी तुज्यापेक्षा उंच हाय म्हनून."

"हो! दोन वर्षं मोठी आहे ती, खोटं वय लावलंय. अजून?"

"बाकावर शेजारी मारिया बसते. तिच्या डब्यातला केक तू खातीस, आन् तुजी भाजी तिला देतीस."

संस्कृतीने तोंडावर हात नेला आणि इतकी हसली की साखर सांडली. "आबा, हे मारियाला पण ओळखतात!"

कारभारी नातीच्या घरात राहून मारियाला ओळखत नव्हता.

भामाबाई तिला हात धुवायला विहिरीवर घेऊन गेली. कारभारी जरा पुढे सरकला.

"हे कुनी सांगितलं तुला?"

"कोन सांगनार? महेंद्रभाऊ." सचिनने राख सारखी केली. "दर साली येत्यात. आल्या आल्या सही मागत्यात. मी न्हाई म्हनतो. तेवढं झालं की आई चहा टाकते. मग बसत्यात दिस मावळस्तवर. मोबाईलमदी फोटू दाखवत्यात. गॅदरिंगमदी नाचली तेबी दाखवलं."

कारभारीला आठवलं. दर वर्षी संध्याकाळी महेंद्र घरी यायचा, बूट काढत "नाही म्हणाले" म्हणायचा, आणि वर पोटभर जेवायचा. कारभारीला त्या जेवणाचा राग यायचा. नकार घेऊन आलेला माणूस इतकं जेवतो कसा, असं तो अश्विनीला बोललाही होता.

"मग संमती दिली असती तरी आला असता की तो," कारभारी म्हणाला. बोलतानाच त्याला ते खोटं वाटलं.

"कशाला येतील, मामा? काय काम घेऊन येतील?" सचिनच्या आवाजात तक्रार नव्हती. बाजारभाव सांगावा तसं तो बोलत होता. "मी न्हाई म्हनत हुतो, म्हनून तर यावं लागत हुतं त्यास्नी."

वारा पडला होता. आगटीतला धूर सरळ वर जात होता. कारभारीने पाटी बाजूला सारली.

"हे बघ. मी आता जे बोललो, ते सोडून दे. घाई नाही कुनाला. मागितलंच न्हाई असं समज."

"असं कसं, इवाई?" मागून भामाबाईचा आवाज आला. पोरीचे ओले हात ती पदराने पुसत होती. "शेजाऱ्याला वाट दिली, ती आमी नांगरून माघारी घेतली का? तुमी त्याच वाटंनं आलाव की."

मग तिने पोरीला जवळ ओढलं, तिच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. बोटं कडाकडा मोडली. म्हातारीने तोंड फिरवलं आणि पिशवीत हुरडा भरायला घेतला. भरताना ती ज्वारीला शिव्या देत होती, यंदा दाणा बारीक पडला, यंदा काही खरं नाही.

सचिन बांधापर्यंत आला. संस्कृतीने त्याला हात केला. त्यानेही केला, पण जरा उशिरा.

वाटेत ती म्हणाली, "आबा, मी सायकल मागायची विसरले."

"असू दे," कारभारी म्हणाला. "मागनं झालंय आपलं."

घरी आल्यावर त्याला गप्प राहता आलं असतं. एसटीत त्याने तसं ठरवलंही होतं. पण अश्विनीने दार उघडलं आणि पोरीने आत शिरतानाच सगळं सांगून टाकलं: गोफण, माळा, पहिले पप्पा, साखर. अश्विनीचा चेहरा उतरला.

"आबा, तुम्ही तिला तिकडं नेलंत?"

मग सांगावंच लागलं. अश्विनी ऐकत ऐकत खाली बसली आणि रडू लागली. रडता रडता हसत होती. तिने पोरीला मिठी मारली, ओमला ओढलं. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली.

महेंद्र हुरडा खात होता. त्याच्या हातातली मूठ पाटीवरच थांबली.

"देतो म्हणाले?"

"व्हय."

"लगेच?"

"आगटीवर मागितलं मी."

महेंद्रला त्यातलं काही कळलं नाही. त्याने दाणे परत पाटीत टाकले. "बरं झालं, मामा," तो म्हणाला. "चांगलं झालं." मग उठला, फडकं घेतलं आणि अंगणात जाऊन मोटारसायकल पुसू लागला. ती सकाळीच पुसून झाली होती.

थोड्या वेळाने कारभारी बाहेर गेला. पायरीवर बसला.

"तू कधी बोलला नाहीस रे."

"काय बोलायचं, मामा?"

"दिवसभर बसायचास तिथं."

महेंद्रने आरसा पुसला. मग दुसरा आरसा पुसला.

"गेल्या वर्षी ते संमती देत होते," तो हलक्या आवाजात म्हणाला. "म्हणाले, लई झालं आता, चला, कुठं यायचं सांगा. मीच म्हटलं, यंदा राहू द्या."

"तू? अरे, का?"

महेंद्रने फडकं बादलीत बुडवलं, पिळलं.

"तिला भात आवडतो का भाकरी, हे त्यांनी अजून विचारलं नव्हतं. बरंच विचारायचं राहिलं होतं त्यांचं." तो टाकीवरून फडकं फिरवत राहिला. "संक्रांत झाली की जाणारच होतो."

"मग आता काय करायचं? फिरवू का मी?"

महेंद्रने घराकडे बघितलं. आत संस्कृती आपलं नवं नाव मोठ्याने म्हणून बघत होती. मध्ये महेंद्र घालून. एकदा हळू, एकदा शाळेत हजेरी घेतात तसं. ओम तिच्या मागून म्हणत होता आणि दोघं हसत होती. महेंद्रच्या ओठांवरही हसू आलं. ते खरं होतं, आणि म्हणूनच कारभारीला ते बघवेना.

तारीख लागली तोपर्यंत ज्वारी काढून झाली होती. नगरच्या त्या कचेरीत सचिन सगळ्यांच्या आधी येऊन बाकावर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, घड्या अजून मोडल्या नव्हत्या. महेंद्र, अश्विनी आणि कारभारी जिन्याने वर आले, तेव्हा तो उठून उभा राहिला आणि त्यांच्या मागे, रिकाम्या जिन्याकडे बघू लागला.

"पोरगी?"

"तिचं म्हणणं मागच्या तारखेलाच घेतलं त्यांनी," अश्विनी म्हणाली. "आज शाळा आहे."

"व्हय, शाळा नगं बुडायला," सचिन म्हणाला आणि परत बसला.

आत टेबलामागच्या बाईंनी त्याला नीट समजावून सांगितलं, की ह्याचा अर्थ काय होतो. मग विचारलं, "हे तुम्ही स्वखुशीने करताय ना? कुणी भीड घातली, दबाव टाकला, असं काही?"

कारभारी दाराशी उभा होता. त्याने मान खाली घातली.

"न्हाई, मॅडम," सचिन म्हणाला. "कुनी न्हाई."

काम झाल्यावर अश्विनी ड्युटीवर गेली. उरलेले तिघं स्टँडवर आले. महेंद्रने चहा सांगितला. दोघं जावई शेजारी शेजारी उभे राहून चहा पीत होते, आणि कारभारी बाकावरून त्यांच्याकडे बघत होता. दर वर्षी दिवस मावळेपर्यंत बोलणारी माणसं ही. आज चहा निवत चालला तरी कुणाला शब्द सुचेना.

"पाणी कसं आहे विहिरीला?" महेंद्रने विचारलं.

"हाय. गुढीपाडव्यापतूर पुरंल."

"आई?"

"बरी हाय. गुडगं धरत्यात."

शेवगावची गाडी लागली. सचिनने कप खाली ठेवला, पैसे द्यायला खिशात हात घातला, महेंद्रने तो धरून बाजूला केला. पायरीवर चढून सचिन वळला.

"या कधी."

"येतो की," महेंद्र म्हणाला.

गाडी फाटकातून बाहेर पडली. महेंद्र एकदम कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे! सहलीचे फोटो दाखवायचे राहिलेच."

"पाठव की मोबाईलवर," कारभारी म्हणाला. त्याला स्वतःलाच धीर आल्यासारखं झालं. "त्यात काय? आत्ता पाठव."

महेंद्रने मोबाईल काढला. सचिनचं नाव शोधलं. कारभारी त्याच्या खांद्यावरून वाकून बघू लागला. एकाखाली एक जुने निरोप होते. कारभारी अक्षर अक्षर लावत वाचत गेला. "रविवारी सहीसाठी येतोय." खाली, "या." त्याच्याखाली पुढच्या वर्षाचा, "रविवारी सहीसाठी येतोय." खाली, "या."

दुसरं काही नव्हतं. सगळ्यांत खाली लिहायची रिकामी जागा होती. महेंद्रने फोटो निवडला, संस्कृती किल्ल्याच्या बुरुजावर मारियाच्या गळ्यात हात टाकून उभी असलेला. मग त्या रिकाम्या जागेवर अंगठा धरून तो बराच वेळ उभा राहिला.

"काय लिहू, मामा?" त्याने विचारलं.